मशीन म्हणालं, हे तुकडे आहेत माझ्याकडे

बाबांची मिल बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. शनिवारची दुपार, पलासियातलं आमचं ऑफिस... आणि भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला.

बॅकअपचं नवं मशीन आलं होतं, ते माझ्या गळ्यात पडलं होतं. भलतं कंजूस! फाइलचे तुकडे करायचं, आणि एखादा तुकडा आधीच जवळ असला तर पुन्हा लिहायचं नाही, नुसती खूण करायचं. दहा जणांनी एकच फाइल ठेवली तरी माल एक, खुणा दहा. शेवटची खूण पुसली की मालही जातो.

त्या दिवशी घरून एक सीडी नेली होती, आईला कपाट आवरताना सापडलेली. मिलच्या शेवटच्या दिवशी गेटसमोर काढलेला फोटो, फोटोग्राफरनं सगळ्यांना एकेक सीडी दिली होती. बाबा फोटोत कधी हसायचे नाहीत. "त्या एकात हसलोय," म्हणायचे. घरी कॉम्प्युटर नव्हता, तो फोटो आम्ही पाहिलाच नाही... आणि बाबा गेले.

सीडी घासलेली निघाली. गेट दिसलं, मागची रांग दिसली... पुढे बसलेल्यांच्या जागी राखाडी पट्टा. बाबा त्यातच. फार वाईट वाटलं.

म्हटलं, आहे तेवढं तरी वाचवू. मशीनवर टाकलं. रिपोर्ट आला... शेवटचा तुटका तुकडा सोडून बाकी सगळे 'आधीपासून आहेत'.

कसे असतील यार? सीडी पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

खूण कुणाची ते शोधलं. सावंतजी! ऑफिसातलं सामानाचं स्टोअर सांभाळायचे, दिवाळीत वारले. रोज विचारायचे, "क्यों भिया, आई बरी?" मी मान वर न करता हो म्हणायचो. मिलचं कधी बोलले नाहीत.

त्यांचं फोल्डर सोमवारी पुसायचं होतं... माझ्याच हातानं.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, 'मन्याचे बाबा'. मला मन्या फक्त घरात म्हणतात हो. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही.

उघडली. अख्खा फोटो. बाबा शेजारी बसलेल्या सावंतजींच्या खांद्यावर हात टाकून हसताहेत... दात दिसेपर्यंत.

तोच फोटो माझ्या फोल्डरमध्ये ठेवला. नवे तुकडे, शून्य.

आता तो भिंतीवर आहे. सावंतजी... आई बरी आहे.