पाटाप्रमाणे गणपती

त्या चवथीला आमच्या घराला दोन दिवस दार नव्हतं. चोर आले नाहीत, कारण आत पाय ठेवायला जागाच नव्हती.

कारण, अर्थातच, मी. मी मुरगाव बंदरात मापं घ्यायच्या नोकरीला आहे. जहाजात खनिज भरलं की जहाज पाण्यात किती बुडालं, ते त्याच्या अंगावरचे आकडे वाचून सांगायचं. बोटभर चूक झाली तरी साहेब बंदर डोक्यावर घेतो. थोडक्यात, मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! (हे वाक्य मी घरी फार वेळा ऐकवलं आहे. आता नाही ऐकवत.)

आमच्याकडे गणपतीची मूर्ती निवडून आणत नाहीत. चवथीच्या दीड-दोन महिने आधी आपला पाट चित्रशाळेत नेऊन द्यायचा, आणि मूर्तिकार त्या पाटावरच, पाटाला शोभेल एवढा गणपती घडवतो. सर्वण गावच्या आमच्या घरचा पाट फणसाचा. बाबांनी पन्नास वर्षं तोच नेला, तोच आणला. त्या वर्षी माळ्यावरून काढला तर वाळवीनं त्याची चाळण केलेली. बाबा कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसले होते. ऐंशी वर्षांचा माणूस तो, मला बघवेना.

"सुताराकडसून नवो करून घे," शेवटी ते म्हणाले. "दोन विती नि चार बोटां. ध्यानात ठेव."

"सुतार कशाला, बाबा? मोबाईलवर मागवतो. चार दिवसांत हजर!"

"माप बघ हां."

"बाबा! मी जहाजं मोजतो!"

फोटोतला पाट काय देखणा होता! कडेनं नक्षी, शेजारी झेंडूची फुलं, आणि पाटावर एक पितळेचा तांब्या. आता तांब्या केवढा असतो? तांब्याएवढा! त्यावरून मी पाटाचा अंदाज बांधला आणि बटण दाबलं. (माप खाली लिहिलेलं होतं म्हणे. एवढ्या खाली कोण जातो!) पाट थेट डिचोलीला, शाणूमामांच्या चित्रशाळेत पोचेल असा पत्ता दिला. शाणूमामा म्हणजे आमचे पिढीजात मूर्तिकार.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. मी तेव्हा जहाजाच्या शिडीवर.

"पाट पावलो रे. बरोच मोठो आसा! काय करू?"

"करायचं काय त्यात, मामा? पाटाप्रमाणे गणपती करा! हात आखडू नका!"

 मग "बरां तर" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चवथीच्या आदल्या दिवशी, तयेला, बाबांनी सकाळपासून खपून बाहेरच्या खोलीत माटोळी बांधली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं-भाज्या बांधायच्या, ती माटोळी. नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, सगळं त्यांनी एकट्यानं बांधलं. मला हात लावू दिला नाही. मी स्कूटर काढून गणपती आणायला गेलो. हो, स्कूटर!

चित्रशाळेत सगळ्यांचे गणपती ओळीनं मांडलेले, आणि मागे भिंतीला टेकून एक महाराजाधिराज.

"अरे वा! हा कुठल्या मंडळाचा?" मी विचारलं.

"तुझ्या," शाणूमामा म्हणाले.

"माझ्या कुठल्या मंडळाचा?"

"तुझ्या घरचो! पाटाप्रमाणे कर म्हटलंस मां?"

मी स्कूटरकडे पाहिलं. मग गणपतीकडे. तो गालात हसत होता. शेवटी शेजारच्या गुरुदासला त्याचा पिकअप घेऊन बोलावलं. वाटेत लोक हात जोडत होते, दोघांनी तर वर्गणी कुठं द्यायची तेही विचारलं!

घराशी पोचलो तेव्हा माझी बायको नलू आरतीचं तबक घेऊन उंबऱ्यात उभी. तिला तयेचा, म्हणजे हरतालिकेचा, कडक उपास.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला चक्कर येतेय, की हा खरंच एवढा आहे?"

सहा जणांनी उचलला, मोरया झाला आणि गणपती दारात अडकला. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, तिरपा तर नाहीच. तेव्हा कुठे मी माप घेतलं, नलूच्या शिवणाच्या टेपनं. पाट छत्तीस इंच. दाराच्या दोन्ही झडपा उघडल्यावर मधली फट चौतीस.

"दोनच इंच ना? तासूया!" गुरुदास म्हणाला.

"गणपतीला?"

"दाराक रे!"

"व्हरांड्यात बसवूया का?" मी चाचरत विचारलं.

बाबा आतून भिंतीला धरत धरत आले. वर आपल्या माटोळीकडे पाहिलं, मग बाहेर गणपतीकडे. त्यांचे डोळे भरून आले होते. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"पन्नास वर्सां तो माझ्या माटोळीखाली बसलो," ते म्हणाले. "मी जितो आसय तवसर भायर बसूचो नाय. दार काढ."

दार काढलं! बिजागऱ्या गंजलेल्या, स्क्रू हलेनात. अर्धी बाटली खोबरेल ओतलं, त्यातलं निम्मं माझ्या सदऱ्यावर. शेवटी झडपा निघाल्या आणि गणपती सुळकन आत गेला. आत जाऊन त्याचा मुकुट माटोळीला लागला आणि एक भलं मोठं तवसं सुटून थेट माझ्या टाळक्यात आलं.

"पयलो प्रसाद तुका!" बाबा म्हणाले आणि हसत सुटले. पाटाला वाळवी लागल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा हसत होते. टेंगूळ आलं, पण जीव भांड्यात पडला.

विसर्जनापर्यंत दोन दिवस घर सताड उघडं. सगळी वाडी आली, वाडीतली कुत्री आली, एक गाय आरतीला उभी राहून माटोळीतली केळी चघळून गेली. बाबा दाराच्या जागी खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला आत ढकलत राहिले. मी मोबाईल काढून त्यांना तो फोटो दाखवला, निदान माझा अंदाज का चुकला ते कळावं म्हणून. त्यांनी चष्मा पुसला, निरखून पाहिलं.

"अरे शाण्या, ही घागर!"

विसर्जनानंतर मी म्हटलं, "पुढच्या वर्षी लहान पाट आणू."

"वाढयलेलो गणपती कमी करूचो नसता," बाबा म्हणाले. झालं! सुतार बोलावला, भिंत फोडली, दार रुंद केलं. माप बाबांनी स्वतः वितीनं घेतलं. मला सुतळीचं दुसरं टोक धरायला दिलं होतं, आणि तेही नीट धर म्हणून दोनदा बजावलं.

आता येणारा-जाणारा म्हणतो, "भक्ती असावी तर अशी! देवासाठी दार वाढवलं!" मी नम्रपणे हात जोडतो. बाबांनी मला अजून कुणापुढे उघडं पाडलेलं नाही. फक्त दाराचं कौतुक सुरू झालं की ते आत हाक मारतात, "सुनबाय, पावण्यांक पाणी दी गो. आणि तांब्यो तूच हाड हां, ह्याका धाडू नको. घागर घेवन येतलो!"