क्योतोत मी खोली मागितली

आता हे तुम्हाला कुठून सांगायला सुरुवात करू? बायकोला मी यातलं अर्धंच सांगितलंय, तेव्हा तिच्यासमोर विषय काढू नका.

मी तेव्हा जपानात नवा होतो. त्सुकुबाला कंपनीच्या प्रोजेक्टवर एकटाच आलो होतो, बायको-मुलं पुण्यात. संध्याकाळी जपानी भाषेच्या क्लासला जात होतो, आणि आपल्याला ही भाषा येते असा माझा समज झाला होता. समज किती घातक असतो, ते ऐका.

मे महिन्यात सलग सुट्ट्या आल्या. म्हटलं, क्योतो बघून येऊ. बुलेट ट्रेनचा विचारही खिशाला झेपत नव्हता, म्हणून बसने निघालो. सकाळी उतरलो तेव्हा मान अशी आखडली होती, की अर्धं क्योतो मी तिरकंच पाहिलं. स्टेशनजवळ सायकल भाड्याने घेतली, सॅक पाठीवर टाकली आणि फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर गेस्टहाउस शोधत निघालो. सगळ्यात स्वस्त तेच होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अस्सल जपानी घरगुती वातावरण'.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं, सगळी एकसारखी. नकाशावरचा निळा ठिपका कधी या घरावर, कधी त्या घरावर. एका दाराशी मात्र पन्नाशीचे एक गृहस्थ काळा सूट घालून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाकून आत सोडत होते. मी म्हटलं, हेच. स्वस्त असलं तरी काय शिस्त आहे बघा!

मी सायकलवरून उतरलो, वाकलो आणि बसमध्ये घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "कोको नि तोमेते मो ईई देस का?" म्हणजे, इथे मुक्काम केला तर चालेल का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं आणि भिंतीजवळचा कोपरा दाखवून "दोऽझो" म्हणाले. खुशाल! मी सायकल लावली, बूट काढले आणि आत शिरलो. ते काहीतरी म्हणायला पुढे झाले होते, पण तोवर मी आत पोचलोसुद्धा.

आत ततामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, उशा मांडून पंधरावीस माणसं बसली होती. सगळे काळ्या कपड्यांत, मी केशरी विंडचीटरमध्ये. मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीची सहल असेल. ही माणसं सुट्टीतही ऑफिसच्या कपड्यांत फिरतात. समोर देव्हारा, त्यात चष्मा घातलेल्या एका आजोबांचा फोटो. आपल्याकडे दुकानात संस्थापकांचा लावतात ना, तसा. एक भटजी मंत्र म्हणत होते. म्हटलं, वा, घरगुती म्हणजे किती घरगुती! रोज सकाळी पूजासुद्धा.

मग एकेक जण उठून उदबत्ती लावायला लागला. मीही उठलो. उदबत्ती लावली, हात जोडले, आणि रिकाम्या हाताने बरं दिसत नाही म्हणून सॅकमधलं राजगिऱ्याच्या वड्यांचं पाकीट संस्थापकांपुढे ठेवलं. पहिल्या ओळीत बसलेल्या एका नाजूक आजींनी मला वाकून नमस्कार केला.

नंतर जेवणाचे डबे आले. आणि काय जेवण! जपानात पाय ठेवल्यापासून मी शाकाहारी माणूस नुसता भात आणि केळी खाऊन जगत होतो. इथे तोफू, शिजवलेला मुळा, बांबूचे कोंब, आणि मासा औषधालाही नाही. मी तुटून पडलो. आजी बघत होत्या. त्यांनी त्यांच्या डब्यातला तोफूही माझ्याकडे सरकवला.

जेवता जेवता लोक एकेक करून उभे राहून बोलू लागले. माझ्याकडे वळून कोणी तरी 'इन्दो', म्हणजे भारत, आणि 'हितोकोतो' म्हणालं. हा दुसरा शब्द मला ऑफिसमुळे पाठ होता. दोन शब्द बोला, म्हणजे स्वतःची ओळख करून द्या! मी उठलो. पुण्याचा आहे, क्योतोला पहिल्यांदाच आलोय, तुम्हा सगळ्यांना भेटून खूप आनंद झाला, जेवण उत्तम आहे आणि पुढच्या वर्षी बायको-मुलांना घेऊन नक्की येईन, असं खणखणीत आवाजात सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. खांदे हलत होते. मला वाटलं, भारावले बिचारे.

जेवण झाल्यावर मी त्या दारातल्या गृहस्थांना गाठलं, फोनवरचं बुकिंग दाखवलं आणि माझी खोली कुठे आहे ते विचारलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग अतिशय हळुवार इंग्रजीत म्हणाले, "हे गेस्टहाउस तीन घरं पुढे आहे. इथे आज माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध आहे."

माझ्या पायाखालची ततामी सरकली. मुक्काम करायचा तो 'तोमात्ते'. मी म्हटलेलं 'तोमेते' म्हणजे गाडी उभी करणं. त्या भल्या माणसाने मला फक्त सायकल लावायची परवानगी दिली होती!

मी सगळ्यांची माफी मागायला निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला. वडील युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होते, त्यांच्या हाताखाली पूर्वी भारतातला एक विद्यार्थी होता. आईला वाटतंय तोच आलाय. वर्षभरात ती आज पहिल्यांदा हसली आहे, तेव्हा कृपा करून काही बोलू नका, असं ते म्हणाले.

आता यावर काय करणार? मी आजींसमोर जाऊन बसलो. त्या विचारत होत्या, मुलगा इंग्रजीत सांगत होता आणि मी नुसतं "हाय, हाय", म्हणजे हो, हो, करत होतो. तब्येत बरी आहे ना? हाय. सरांची आठवण येते का? हाय. मग त्यांनी विचारलं, सरांची छत्री नेली होतीस ती परत का नाही केलीस? मी ततामीला कपाळ टेकवून त्या छत्रीची माफी मागितली. पुन्हा खांदे हलले.

निघताना आजी एकट्याच दारापर्यंत आल्या. हातात चहाच्या पुडीची पिशवी दिली आणि मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आमची ती भारतातली विद्यार्थिनी होती. मुलगी. पण तुम्ही इतकं मनापासून जेवत होतात, की उठवावंसं वाटलं नाही."

मी कसंबसं विचारलं, "आणि छत्री?"

"ती मी आत्ताच रचली," आजी म्हणाल्या.

जपानात आल्यापासून अख्खं संभाषण पहिल्या फटक्यात समजण्याची माझी ती पहिलीच वेळ.