पुढच्या बुधवारी परत येते

सेलिना टीचर गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. परिपाठ नुकताच संपला होता, मुलं वर्गात चालली होती आणि मी कार्यालयाच्या दारात उभा होतो. आमच्याकडे मराठी शिकवणाऱ्या स्नेहलने लिहिलं होतं, ‘टीचर पहाटे गेल्या. जोसेफ अंकलचा मला फोन आला होता.’ मी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. वाईट वाटलंच, पण त्याच्या आधी दुसरंच काही मनात आलं... फोन स्नेहलला का? मी त्यांच्यानंतरचा मुख्याध्यापक. त्या मुख्याध्यापिका होत्या तेव्हा मी पर्यवेक्षक होतो, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही वर्षानुवर्षं वेळापत्रकं लावली. त्यांच्या नवऱ्याकडे माझा नंबर नव्हता असं नाही.

आता काही आठवडे झाले आहेत आणि हे लिहायला मला वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं आहे. टीचरांविषयी सगळे चांगलंच लिहितील, आणि ते खरंही असेल. मला मात्र त्यांची आठवण हेव्याशिवाय येतच नाही. मग ती तशीच लिहितो.

आमची शाळा वसईत, गोखिवऱ्याच्या बाजूला, कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगेमागे आहे. मराठी माध्यमाची, अनुदानित. वर्गात शिकवताना शेजारच्या गाळ्यातलं प्रेसचं मशीन दर दोन शब्दांना एक ठोका देतं. टीचर आल्या त्या वर्षी एक तुकडी बंद पडली होती, दुसरी पडायच्या बेतात होती. ती गेली असती तर आमच्यातले काही शिक्षक अतिरिक्त ठरून कुठे कुठे पांगले असते. दहावीच्या निकालाबद्दल तर आम्ही स्टाफरूममध्ये बोलतही नसू. अशा वेळी मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. मी चाळीसगावच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील तेलघाण्यावर कामाला होते. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. मुलगा एक दिवस हेडमास्तर होणार, हे ते भेटेल त्याला सांगत. मी बीएड, एमएड, शालेय व्यवस्थापनाची पदविका, सगळं नोकरी सांभाळून केलं होतं. पण संस्थेच्या सेवाज्येष्ठतेत पश्चिमेकडच्या शाळेतल्या सेलिना टीचर माझ्या थोड्या वर होत्या. नियमाने झालं, अन्याय काहीच नव्हता. अन्याय झाला असता तर निदान रागवायची सोय झाली असती.

त्या नंदाखालच्या. घरामागे केळीची बाग, अंगणात क्रूस. आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणायची सवय, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘टीचर म्हणा. बाई म्हटलं की मला वाटतं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे.’ सगळे हसले. मीही हसलो, आणि मनात म्हटलं, चला, स्टाफ खिशात घातला.

मला वाटलं होतं, नव्या मुख्याध्यापिका सभा घेतील, सूचना काढतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. बुधवारी माझ्या सातवीच्या तासाला आल्या आणि शेवटच्या बाकावर, खिडकीशी, रेश्मा नावाच्या मुलीशेजारी जाऊन बसल्या. हातात कागद नाही, पेन नाही. आमच्याकडे पाठनिरीक्षण म्हणजे साहेब खुर्चीवर बसून शेरे लिहिणार, मुलं हाताची घडी घालून बसणार. या बाईंचे गुडघे बाकात मावत नव्हते. मी बाष्पीभवन शिकवत होतो. व्याख्या सांगितली, फळ्यावर लिहिली, मुलांकडून म्हणून घेतली. तास रंगला असं मला वाटत होतं. तेवढ्यात टीचर रेश्माकडे वाकून हळूच म्हणाल्या, ‘मला नाही कळलं गं. तू सांग ना.’ रेश्माने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तितक्याच हळू आवाजात म्हणाली, ‘टीचर, मेरे को पण नाही कळलं.’ प्रेसचं मशीन नेमकं त्याच वेळी थांबलं होतं. मला दोघींचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू आलं.

त्यांची पद्धत एवढीच होती. शेजारच्या मुलाला विचारायचं, मला समजावून सांग. त्याला सांगता आलं तर तास झाला, नाही तर नाही. तास संपल्यावर त्या शिक्षकाला बाहेर व्हरांड्यात दोनांपैकी एकच वाक्य बोलत. तास जमला असेल तर ‘छान झाला,’ आणि मग त्या वर्गात पुन्हा बसायला येत नसत. जमला नसेल तर ‘पुढच्या बुधवारी परत येते.’ मला त्या दिवशी म्हणाल्या, ‘सर, पुढच्या बुधवारी परत येते.’ आणि आल्या, त्या डबा घेऊन. डब्यात एका बाजूला पिकलेली राजेळी केळी, दुसऱ्या बाजूला त्याच केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी. ‘घरचीच आहेत. तुमच्या तासाला उपयोग होईल म्हणून आणली,’ म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या. केळ्यातलं पाणी कुठे गेलं, यावर सातवी अर्धा तास भांडली. वर्ष संपताना मी मुलांना विचारलं, विज्ञानातलं काय आवडलं? मुलं म्हणाली, टीचरांची सुकेळी. तास माझा होता.

पालकसभेचंही तसंच. मी वर्षानुवर्षं शनिवारी सभा लावायचो आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायचो. पालकांना आस्था नाही, हे आमचं ठरलेलं वाक्य. टीचरांनी आल्या आल्या शिपाईकाकांना विचारलं, गाळ्यांना सुट्टी कधी? शुक्रवारी. सभा शुक्रवारी लावली. माणसं व्हरांड्यात उभी राहिली. मी रोज त्याच गाळ्यांसमोरून चालत येत होतो, शुक्रवारी तिथे शुकशुकाट असतो हे मलाही दिसत होतं. दिसत होतं, सुचलं मात्र त्यांना... त्या सभेत जास्तीच्या खुर्च्या मीच लावल्या.

हळूहळू शाळा सावरली. चांगले शिक्षक दहावीला आणि नवखे पाचवीला, ही आमची जुनी वाटणी त्यांनी उलटी केली. पाचवीत न कळलेलं दहावीत कसं कळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून कुरबुरी झाल्या, दोघं-तिघं संस्थेकडे तक्रार घेऊन गेले. टीचर ऐकून घेत आणि बुधवारी पुन्हा कुणाच्या तरी वर्गात जाऊन बसत. तुकडी टिकली. पोरं वर्गात बोलायला लागली, हिंदीत, मराठीत, दोन्ही मिसळून, पण बोलायला लागली. यात माझाही वाटा होता. पण लोक ‘टीचरांची शाळा’ म्हणत.

आणि माझं बुधवारचं दुखणं संपत नव्हतं. स्नेहल नवी शिक्षणसेविका म्हणून आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला ‘छान झाला’ मिळालं. ती उड्या मारतच स्टाफरूममध्ये आली. एकेकाचा वर्ग सुटत गेला. माझा सुटला नाही. मी तास बदलले, साधनं केली, मुलांना गटात बसवलं. शेजारची मुलं टीचरांना घडाघडा समजावून सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं. तरी व्हरांड्यात एकच... ‘पुढच्या बुधवारी परत येते.’ रात्री बायको म्हणायची, ‘अहो, त्या तुमच्या सासूबाई आहेत की मुख्याध्यापिका?’ त्या निवृत्त झाल्या त्या आठवड्यातही, निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी, त्या माझ्या तासाला येऊन बसल्या होत्या.

शेवटची भेट नंदाखालला झाली. आजार वाढला होता. पुढच्या ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, पायांवर शाल. मी शाळेचं सगळं सांगितलं. खुर्ची माझी झाली होती, वडिलांचं म्हणणं खरं झालं होतं, पण ते ऐकायला वडील राहिले नव्हते आणि त्या खुर्चीत बसून मला टीचरांच्याच शेऱ्याची वाट पाहायची सवय सुटली नव्हती. शेवटी विचारलंच.

‘टीचर, माझा तास कधी छान झालाच नाही का?’

त्या हसल्या. ‘झाला ना. किती तरी वेळा.’

‘मग म्हणाला नाहीत कधी?’

‘म्हटलं असतं तर परत यायला निमित्त काय उरलं असतं? ऑफिसात बसून मला झोप येते, सर. तुमच्या वर्गात येत नाही.’

निघताना जोसेफभाऊंनी सुकेळ्यांचं पुडकं हातात दिलं. वसईला परत येईपर्यंत एसटीत मी ते मांडीवर धरून बसलो होतो. ते वाक्य मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांना ‘छान’ मिळालं त्यांना ते मिळू दे, मला जे मिळालं ते एकाही शिक्षकाकडे नव्हतं. इतक्या वर्षांचा हेवा त्या दिवशी फिटला, असं मला वाटलं.

गेल्या रविवारी नंदाखालच्या चर्चमध्ये त्यांच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे स्मरणाची प्रार्थना, झाली. मिस्सेनंतर आम्ही शाळेतले सगळे त्यांच्या ओट्यावर चहाला थांबलो. प्रत्येकजण आपापला ‘छान झाला’ सांगत होता. कुणाचा कुठला धडा, कुणाची कुठली कविता. माझ्याकडचं काढायची मला गरज नव्हती. कोपऱ्यात गणिताचे पाटकर सर बशीत चहा ओतत होते. पाटकर म्हणजे कमी बोलणारा माणूस, स्टाफरूममध्ये बसलाय की गेलाय ते कळत नाही. कुणीतरी त्यांना विचारलं, तुम्हाला कधी मिळालं? पाटकर म्हणाले, ‘मला कुठलं? शेवटपर्यंत पास केलं नाही मला. मी एकदा विचारलं पण. तर म्हणाल्या, ऑफिसात बसून मला झोप येते, पाटकर. तुमच्या वर्गात येत नाही.’

सगळे हसले. जोसेफभाऊंनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

म्हणजे पाटकरांच्या वर्गातही त्या जात होत्या, तशाच, शेवटपर्यंत. दुपारनंतरच्या तासांना जात असतील, तेव्हा मी माझ्या वर्गात असायचो. मला कधी कळलंही नाही, आणि पाटकरांनी कधी सांगितलंही नाही. कदाचित त्यांनीही ते माझ्यासारखंच जपून ठेवलं असेल. पण त्यांनी ते चारचौघांत बशीतल्या चहासारखं फुंकर मारून सांगून टाकलं, आणि माझं तसंच राहिलं. आता सांगितलं असतं तर नक्कल झाली असती.

या बुधवारी मी पाटकरांच्या आठवीच्या तासाला गेलो. शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसलो. माझेही गुडघे मावले नाहीत. पाटकर समप्रमाण शिकवत होते. मी शेजारच्या मुलीकडे वाकून म्हटलं, ‘मला नाही कळलं. तू सांग ना.’ तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि पावांचे भाव मांडून मला नीट, शांतपणे समजावलं. एकही चूक नव्हती. इतका चांगला तास मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

बेल झाली. पाटकर हातावरचा खडू झटकत व्हरांड्यात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. छान झाला, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

मी म्हणालो, ‘पुढच्या बुधवारी परत येतो.’

पाटकर हसले. त्यातलं न बोललेलं ‘छान झाला’ त्यांना नीट कळलं होतं, आणि तेवढं त्यांना कळायला नको होतं असं मला वाटत राहिलं.