बाबांचं द्राक्षासव

माझे वडील अमरावतीला वैद्यकी करायचे. पावसाळा सरला की ते घरीच द्राक्षासव घालत. काळ्या मनुकांचा काढा, त्यात गूळ, धायटीची फुलं. मग बरणीचं तोंड कापड आणि मातीनं लिंपून ती महिनाभर ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवायची. लोक औषध म्हणून नेत. बाबा मात्र सरळ सांगायचे, ही द्राक्षांची दारूच होय, फक्त चमच्यानं प्यायची.

तपकिरीपायी त्यांचं नाक गेलं होतं. त्यामुळे बरणी उघडली की पहिला वास मी घ्यायचा आणि पहिला चमचाही माझा. आसव मुरलं की आंबलं, हे मी सांगायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून हे काम माझ्याकडे होतं. आईलाही तो मान नव्हता.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. यजमान तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. तरी दर हिवाळ्यात बाबांचं कार्ड यायचं, बरणी काढायची आहे, ये. मी बडनेऱ्याला गाडीतून उतरून टांग्यानं घरी जायची. सासूबाई म्हणायच्या, चमचाभर औषधासाठी एवढा प्रवास? मी हसण्यावारी न्यायची.

दुसऱ्या मुलीनंतरच्या हिवाळ्यात मी चमचा घेतला आणि ओठ चुरचुरले. पाहता पाहता मानेवर, दंडावर गांधी उठल्या. काहीतरी खाण्यात आलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. पुढच्या वर्षी तेच झालं, वर श्वासही जड झाला. बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं, ते थेट अंग निवेपर्यंत.

मग त्यांनी एकेक करून पाहिलं. एका दिवशी लोहासव दिलं, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कुमारी आसव, तेही चाललं. मूठभर मनुका खाल्ल्या, तरी काही नाही. शेवटी द्राक्षासवाचे दोनच थेंब जिभेवर ठेवले, आणि बाबा बघत असतानाच हातावर लाल चट्टे आले.

"मनुका चालते, गूळ चालते, अन् दोन्ही मुरले का तुले चालत नाई," ते म्हणाले. "काहून, ते मले समजून नाई राहिलं."

चाळीस वर्षांच्या वैद्यकीत त्यांना असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर हिवाळ्याचं कार्ड येईना. पत्रं यायची, त्यात सगळ्यांची खुशाली असायची; बरणीचा शब्द नसायचा. अकोल्याला मार्गशीर्षात थंडी पडली की मी पोस्टमनची वाट पाहायची. मला ती चव हवी होती, हे खरंच. पण त्याहून जास्त हवं होतं ते बाबांचं माझ्या तोंडाकडे बघत थांबणं.

तिसऱ्या वर्षी मी न बोलावता गेले. बरणी कोठीतून निघाली होती, पण उघडली नव्हती. मला पाहून बाबा म्हणाले, "तू पलीकडे बस."

मी म्हटलं, "पिणार नाही. वास तर घेऊ द्या."

त्यांनी माती फोडली. मी वाकले. अंगावर काही उठलं नाही, फक्त डोळ्यांत पाणी आलं. आसव आंबलं होतं. मी तसं सांगितलं.

बाबांनी बरणी दोन्ही हातांनी उचलून परसात नेली आणि कडुनिंबाच्या बुडाशी रिकामी केली. आत येऊन हात धुतले आणि मुलींना का आणलं नाही म्हणून विचारलं. पुढच्या साली त्यांनी मनुका आणल्या नाहीत, आणि त्यानंतर कधीच नाही.

चांगलं जमलंय, असं मी म्हणाले असते, तर आणखी दोन-चार हिवाळे त्यांनी आसव घातलं असतं. पण ते आंबलेलं रोग्यांना गेलं असतं, हेही मला कळतं. तरी मार्गशीर्ष लागला की मला अमरावतीला जावंसं वाटतं.