धूर न सोडणारी व्हॅन पाहिजे

खोटं बोलता तुम्ही लोक. जुनी गाडी विकायला काढली की तुमच्यातला प्रत्येक जण म्हणतो, "डॉक्टरची गाडी आहे, फक्त दवाखान्यात जायची." गोंदियात डॉक्टरची म्हणून जेवढ्या गाड्या विकल्या गेल्या, तेवढे डॉक्टर खरंच असते तर जिल्ह्यात कुणी आजारीच पडलं नसतं. त्या एका हिवाळ्यात आम्ही इतक्या डॉक्टरांच्या गाड्या पाहिल्या, की आजही आम्ही तिघं भेटलो की चहा येण्याआधी किस्से सुरू होतात.

तिघं म्हणजे मी, मुर्रीचा प्रशांत मेश्राम आणि नागऱ्याकडची योगिता राहांगडाले. कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि शेतीतलं विष बंद करायची आम्हाला फार घाई होती. योगितानं वडिलांकडून एक एकर मागून घेतला आणि त्यात युरियाचा दाणा न टाकता चिन्नोर तांदूळ पिकवला. तो विकायचा होता नागपूरच्या एका रविवारच्या बाजारात. तिथला नियम असा, की धूर ओकणारी गाडी मैदानात येणार नाही. पहिल्याच रविवारी आमचा भाड्याचा पिकअप फाटकावरून परत पाठवला आणि पोती डोक्यावरून न्यावी लागली. अर्धा माल संध्याकाळी तसाच घरी आला.

तो पाहून राहांगडाले काका, म्हणजे योगिताचे बाबूजी, पोटभर हसले. मग त्यांनी अट घातली. "उरलेला तांदूळ संक्रांतीच्या आत तुह्या हातानं विकून दाखव. एकर तुहा. नाही तर पुढच्या पावसात मी युरिया घेऊन उभा आहो."

म्हणून व्हॅन. जुनी चालेल, महिन्यातून दोन-तीनदाच लागणार. पण धूर नको.

*

पहिली व्हॅन गॅसवर चालणारी होती. आम्ही खूश! धूर नाही, आवाज नाही. मालकानं सकाळी बोलावलं. गेलो तर म्हणाला, "आज गाडी दाखवता येत नाही, घरी पाहुणे आलेत."

पाहुण्यांचा आणि गाडीचा काय संबंध, मला कळेना. प्रशांतनं मागचं दार उघडलं. सीटखाली सिलिंडरची जागा रिकामी होती. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

मालक म्हणाला, "दुपारी या. भात होऊन जाईल तोपर्यंत."

*

एजंट लोकांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी माझी स्वतःची पद्धत काढली. पांढरा रुमाल सायलेन्सरवर धरायचा आणि गाडी रेस करायची. रुमाल काळा झाला की निघायचं. आठवडाभरात एजंट लोकांत माझं नाव रुमालवाला पडलं.

मग एक व्हॅन सापडली. रुमाल पांढराशुभ्र! मी योगिताला विजयी मुद्रेनं दाखवला. तिनं तो नाकाला लावला आणि मला परत दिला.

"सायलेन्सर आतून शाम्पूनं धुतला आहे," ती म्हणाली. "माझ्या मावशीचाच ब्रँड."

*

आता मुद्दा पीयूसीचा. रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक माणूस मशीन घेऊन बसायचा. आम्ही पसंत केलेली एक व्हॅन घेऊन गेलो, तर त्यानं गाडीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नंबर विचारला आणि प्रिंट काढायला लागला.

माझं डोकं सणकलं. मी त्याला हवा, फुप्फुसं आणि पुढची पिढी या विषयांवर भरपूर ऐकवलं, आणि पाइप सायलेन्सरमध्ये घालूनच तपासणी कर म्हणून अडून बसलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रशांतकडे वळून म्हणाला, "इनको समझाओ भैया. पाइप डालेंगे तो फेल हो जाएगी."

*

काका प्रत्येक वेळी सोबत यायचे. आम्ही कसे फसतो ते पाहायला, असं स्वतःच सांगायचे. पण त्यांची हयात बैलबाजारात गेलेली, त्यामुळे गाडी समोर आली की त्यांना राहवायचं नाही. बोनेटवर थाप मारायचे, चारी चाकांकडे वाकून पाहायचे, मालकाला "हिले कायले काढून राहिला?" असं खोदून विचारायचे.

एकदा जुन्या गाड्यांच्या एका नवीन शोरूमवाल्याशी भाव ठरत नव्हता. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्या तरुणाच्या हातावर टाकला आणि आत त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. बैलाचा सौदा असाच होतो. भाव बोटांनी सांगायचा, बघ्यांना कळू द्यायचा नाही. पोरगा लालबुंद झाला.

"काका, हात सोडा," तो हळूच म्हणाला. "माझी बायको काउंटरवर बसून आहे."

व्हॅन मात्र तीच घेतली. पेट्रोलवर चालणारी, आधी शाळेच्या पोरांची. पाइप घालून पास झालेली ती पहिलीच.

*

संक्रांतीच्या आधीचा शेवटचा रविवार. पहाटे पोती भरली, काका पुढे बसले, नागपूरला पोचलो. फाटकावरच्या गार्डनं पीयूसी पाहिलं, मागे जाऊन वास घेतला.

"गाडीले हरकत नाही," तो म्हणाला. "धूर काका सोडून राहिले."

काका बिडी विझवायला तयार होईनात. "मले बसायले एक पोतं ठेवा आणि जा तुम्ही," म्हणाले. ठेवलं.

आत मी तक्ते लावून जमिनीतल्या जिवाणूंबद्दल बोलत होतो. लोक ऐकायचे, माना डोलवायचे आणि पुढच्या स्टॉलवर मध घ्यायचे. पोती जशीच्या तशी उभी होती.

दुपारी एक बाई आल्या. "ते बाहेर शिव्या देतात, त्यांच्या मुलीचा तांदूळ हाच का?" मग आणखी दोघं आले. मग रांगच.

प्रशांत पाहून आला. काका फाटकाजवळ पोत्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाऱ्हाणं सांगत होते. "पोरीनं एकराचं वाटोळं केलं. युरिया टाकू देत नाही, फवारा मारू देत नाही, पीक अर्धं. वरून तांदूळ मिलमध्ये पांढरा करू देत नाही. आत बसून आहे पाहा, तिलेच विचारा काऊन असं करते!"

लोक विचारायला येत होते आणि पिशव्या भरून नेत होते.

उन्हं कलताना शेवटच्या गिऱ्हाइकाला द्यायला आत दाणा उरला नाही. योगिता बाहेर गेली. मीही मागोमाग.

"उठा बाबूजी," ती म्हणाली. "तुमच्या खालचं पोतं विकलं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. उठले, दुपट्टा झटकला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. योगितानं पोतं स्वतः उचलून गिऱ्हाइकाला दिलं.

निघताना गार्डनं फाटक उघडलं आणि खिडकीशी वाकला.

"मॅडम, पुढच्या रविवारीबी काकांना आणून राहिले ना? पण बाहेरच बसवा. आत नेले तर पोरीसमोर गोड बोलतील, अन् माल पडून राहील."