पेट्रोलातलं पाणी

नावेच्या मोटारीची दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला होता. मोटार चालू व्हायची, खोकायची, सगळी नाव गदागदा हलवायची आणि गिअर टाकला की बंद पडायची. डोक्यावर मे महिन्याचं ऊन. काठावर पंपाच्या कंपनीचे डिग्रसकर साहेब मोबाइलवर कुणाला तरी "होतच आलंय सर" असं सांगत होते. होत काहीच आलं नव्हतं.

मी साळवे. हर्सूल रोडला माझं गॅरेज होतं. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर, फवारणीचे पंप आणि नावेच्या मोटारी दुरुस्त करायचो. नावेच्या मोटारी म्हटलं की लोक दात काढायचे. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि नळाला आठवडा-आठवडा पाणी यायचं नाही. अरे बाबा, इथं बादलीत पाणी नाही, तू नाव कशात चालवणार, असं गुलमंडीतल्या स्पेअर पार्टवाल्यानंही मला ऐकवलं होतं. पण त्याच दुष्काळात माझं हे काम वाढलं. शहराला पाणी देणाऱ्या नाथसागर धरणाचं पाणी इतकं मागं सरकलं की काठावरचे पंप कोरडे पडले. मग एका कंत्राटदार कंपनीनं तराफ्यावर पंप चढवून आत खोल पाण्यात नेऊन ठेवले. पंपांच्या तोंडावरच्या जाळीत शेवाळ आणि मासेमारीची फाटकी जाळी अडकायची. रोज सकाळी नावेतून जाऊन ती साफ करावी लागायची. नाव गेली नाही की पंप चोक. पंप चोक झाला की शहर बोंबलायला मोकळं. आणि शहर तर दर महिन्याला वाढतच होतं. जिथं काल ज्वारी होती तिथं आज अपार्टमेंट आणि दारात टँकर.

नाव चालवायचा सांडूभाऊ. धरणाकाठचा भोई, जन्म पाण्यावर गेलेला, कंपनीनं रोजंदारीवर ठेवलेला. बोलणं कमी, काम चोख. मोटार मात्र जुनी, दोन सिलिंडरची, कुणाच्या तरी हातून उतरत उतरत कंपनीकडं आलेली.

मी नेहमीच्या पद्धतीनं सुरू केलं. मोटार चालू असताना रबरी पकडीनं वरच्या प्लगची टोपी काढली. आवाज तसाच. म्हणजे तो सिलिंडर नुसताच बसून होता, सगळं ओझं खालचा एकटा ओढत होता. प्लग खोलला तर ओला. ठिणगी पाहिली, झकास निळी. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढली, दाबही बरा होता. मग राहिलं पेट्रोल. कार्बोरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. ती काचेच्या बाटलीत रिकामी केली. वर ऑइल मिसळलेलं पेट्रोल आणि तळाशी पाण्याचे टपोरे थेंब. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं आणि तेच आधी इंजिनात ओढलं जातं. पाण्यावर कुठलं इंजिन चालतंय?

सगळं साफ केलं, टाकीत नवं पेट्रोल भरलं. मोटार अशी गुळगुळीत चालली की सांडूभाऊ हसला. मी शहरात परतलो आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी साहेबांचा फोन. मोटार परत खोकतेय. आणि आज ती पार मध्यात बंद पडली होती. वारा सुटलेला, सांडूभाऊ आणि पंपाचा ऑपरेटर वल्हं मारत कसेबसे काठाला लागले होते.

परत गेलो. परत बाटली. परत तळाला पाणी. साहेबांनी बाटली माझ्या हातातून घेतली, उन्हात धरली आणि मला बाजूला नेलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. वरून दट्ट्या बसत होता आणि रात्रीची झोप उडालेली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पेट्रोल कॅनमध्ये येतं ते चांगलं असतं, त्यांनी स्वतः तपासलं होतं. टाकी सांडूच्या ताब्यात. पेट्रोल हल्ली जास्त लागतंय. म्हणजे सांडू पेट्रोल काढून विकतो आणि टाकीत पाणी घालून माप भरतो. उद्यापासून दुसरा माणूस येईल, त्याला बघून ठेवलंय. फक्त मी एकदा स्पष्ट सांगायचं होतं.

"मिस्त्री, पेट्रोलात पाणी आहे की नाही?"

"आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? होतंच.

सांडूभाऊ चार हातांवर उभा होता. त्याला ऐकू गेलं. तो जवळ आला आणि माझ्याकडं न बघता साहेबांना म्हणाला, "लेकराची आन घेतो साहेब. थेंब नाय इकलं म्या. पानी कुठून आलं, मला बी ठाव नाय." साहेब पाठ फिरवून काठावरच्या आपल्या तंबूत निघून गेले.

माझं डोकं फिरलं. स्वतःवर, साहेबावर, त्या खटारा मोटारीवर. खरं बोललो होतो आणि एका माणसाची भाकरी चालली होती. जास्त पेट्रोल लागण्याचं कारण तर मला माहीत होतं. एक सिलिंडर मेला की मोटार पेट्रोल पिते आणि काम करत नाही. ते मी तंबूत जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, बरं, आणि पाणी? मी म्हणालो, माप भरायचंच होतं तर त्यानं रॉकेल घातलं असतं, पाणी घालून स्वतःचीच नाव मध्यात बंद पाडायला तो खुळा आहे का? साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघा काय बघायचं ते.

मला एका जागी बसवेना. पाइप तपासला, त्याच्यातला पेट्रोल पुढं ढकलणारा रबरी फुगा तपासला, कॅन हुंगले. सुकलेल्या गाळावर, जिथं जमीन भेगाळून पापड झाली होती, तिथं नुसत्या येरझाऱ्या घातल्या. सांडूभाऊनं मात्र रोजचं काम सोडलं नव्हतं. उद्या आपण इथं नसणार हे कळूनही तो मुकाट्यानं नाव धूत होता. मग त्यानं टाकीवरचं गोणपाट नीट केलं, डब्यानं तलावाचं पाणी घेतलं आणि टाकीवर सावकाश ओतलं. घरी रांजण गार करतात तसं. वरून, टोपीवरूनसुद्धा.

मी जागच्या जागी थांबलो.

नावेच्या टाकीच्या टोपीवर एक छोटा स्क्रू असतो. मोटार चालवताना तो उघडा ठेवायचा, म्हणजे टाकीत हवा जाते. नाही तर पेट्रोल पुढं सरकत नाही. नाव उभी केली की तो आवळायचा. सांडूभाऊचा स्क्रू उघडा होता. उन्हानं तापलेल्या टाकीतली हवा फुगलेली असते. त्यावर गार पाणी पडलं की ती आक्रसते आणि टाकी बाहेरून श्वास घेते. टोपीवर ओलं गोणपाट असेल तर ती हवा कुठून घेणार? पाणीच ओढणार.

"सांडूभाऊ, हे गोणपाट कधीपासून?"

"ऊन वाढल्यापासून. टाकी फुगली व्हती भोपळ्यावानी. साहेबच म्हनले, फुटंल, गार ठिवत जा. मंग इस्क्रू सैल केला अन् गोनपाट टाकलं."

मी तंबूत जाऊन साहेबांना अक्षरशः हाताला धरून आणलं. पेट्रोल कॅनमध्ये काढलं, टाकी फडक्यानं कोरडी पुसली, स्क्रू उघडा ठेवून उन्हात तापू दिली. मग लांब थांबलो आणि सांडूभाऊला म्हणालो, रोज करतोस तसंच कर. त्यानं गोणपाट घातलं, डबा ओतला. टोपीपाशी बारीक सूं असा आवाज आला. साहेबांनी कान पुढं केला. थोड्या वेळानं मी टाकी उघडून त्यांच्या बुटांसमोर उपडी केली. वाळूवर पाण्याची धार पडली.

साहेब त्या ओल्या डागाकडं बघत राहिले. वाळूनं तो बघता बघता पिऊन टाकला. मग त्यांनी सांडूभाऊला विचारलं, मीच सांगितलं होतं, तर मघाशी बोलला का नाहीस?

"तुमी चांगलंच सांगितलं व्हतं साहेब. पानी आत जाईल हे माझ्याच टकुऱ्यात नाय आलं." त्यानं हातातला डबा खाली ठेवला. "येडा म्हना, लई चालंल. चोर तेवढं म्हनू नका."

साहेबांनी माफी मागितली नाही. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट हातात घेतले आणि नावेत जाऊन बसले. आजवर ते कधी नावेत चढले नव्हते, पाण्याला घाबरायचे. म्हणाले, "चल सांडू, पंप दाखवून आण." तोवर मी वाटी साफ करून टाकीत नवं पेट्रोल भरलं होतं; मोटार पहिल्या ओढीला चालू झाली. दोन्ही सिलिंडर. मी काठावर उभं राहून तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकला.

टाकीवर पुढं बांबूचा छोटा मांडव घातला, गोणपाट गेलं. स्क्रू आवळायची सवय सांडूभाऊला लागली आणि नव्या माणसाला साहेबांनी दुसऱ्या साइटवर पाठवलं. गॅरेज आता बंद केलंय, पण कुणी विचारलं तर एवढंच सांगतो. पेट्रोलात पाणी सापडलं की आधी टाकीची टोपी बघा. माणूस त्याच्यानंतर.