एकसष्टावं नाव

मे महिन्याच्या उन्हात मी तांबरमच्या पलीकडच्या गल्ल्यांतून दारोदार फिरत होते. आमची शाळा सरकारी प्राथमिक. वर्ग पाच आणि मुख्याध्यापिका धरून आम्ही तिघी. पट साठाच्या वर असला तरच तिसरी शिक्षिका मिळते. नसला तर ती 'जादा' ठरते आणि तिला दुसऱ्या शाळेत पाठवतात. सर्वांत कनिष्ठ म्हणून तिसरी म्हणजे मी. पट पन्नाशीलाच अडकला होता आणि मोजणी ऑगस्टात.

एका घराच्या पायरीवर एक बाई मोगऱ्याचा गजरा ओवत बसली होती. तिची पाच वर्षांची मुलगी शेजारीच खेळत होती. मोफत पुस्तकं, सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, मी सगळं सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये विचारलं, "टीचर, तुमची मुलगी कुठे शिकते?"

खोटं बोलता आलं असतं. "खासगी शाळेत," मी म्हणाले.

"मग माझी का नको?" आवाजात राग नव्हता. तिने मला पाणीसुद्धा दिलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, आपल्या पोरीला मी आमच्या शाळेत घालते."

ते नुकतेच शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून आले होते. बूटही काढले नव्हते. "तुझी काही नोकरी जात नाही. फार तर बदली होईल. त्यासाठी पोरीचं वर्ष घालवायचं?"

"माझी बदली होईल, पण मागे पाच वर्ग आणि दोनच बायका उरतील. त्यातली एक दिवसभर ऑनलाइन माहिती भरत बसणार."

"म्हणून आपलीच पोर?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "तंजावूर सोडून आम्ही इथे आलो ते पोरांना चांगलं शिकवायलाच गं."

चार दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी नवऱ्याने प्रवेशाच्या कागदावर सही केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. जूनमध्ये माझी मुलगी माझ्यासोबत आमच्या शाळेत आली आणि तिसरीत बसली. आठवड्याभराने गजरेवाली बाईही आपल्या मुलीला घेऊन आली. मग तिच्या गल्लीतली आणखी काही. जुलैच्या सुरुवातीला पट एकसष्ट झाला. मुख्याध्यापिकांनी आकडा दोनदा वाचला आणि डोळ्यांना पदर लावला.

जुलै संपत आला तेव्हा दोन भावंडांचे वडील दाखले मागायला आले. त्यांना इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात काम लागलं होतं आणि तिथेच खोली मिळाली होती.

"एक महिना थांबा," मी म्हणाले. "मोजणी होऊ दे."

"महिनाभर पोरांना ठेवू कुठे, टीचर? तुमच्या घरी?"

"ठेवा."

ते जायला वळले. माझा हात त्यांच्या पिशवीच्या बंदावर होता, हे मला नंतर कळलं. मुख्याध्यापिकांनी तो हळूच बाजूला केला.

"निदान नावं तरी काढू नका," मी मराठीतच पुटपुटले, मग तमिळमध्ये म्हणाले.

"इथली नावं काढल्याशिवाय तिथे चढत नाहीत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "महिनाभर त्या पोरांनी कुठे बसायचं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, बसू देत कुठेही. वीस वर्षं मुलांना शिकवलं आणि असा विचार मनात आला. दाखल्यांवर सह्या झाल्या. मोजणीच्या दिवशी एकोणसाठ भरले.

माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. दोन बसेस बदलून जावं लागायचं. मुलगी म्हणाली, "मी इथेच राहते, अम्मा. माझ्या मैत्रिणी इथे आहेत." मीही तिला ठेवलं. तिला काढलं असतं तर त्या गल्लीतल्या बायकांना तोंड कसं दाखवलं असतं?

सप्टेंबरात एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती खुशीत म्हणाली, "काल मी पहिलीला अक्षरं शिकवली. परवासुद्धा."

"आणि तुमच्या टीचर?"

"त्या चौथी-पाचवीकडे होत्या. हेडमिस्ट्रेस मॅडम ऑफिसात मीटिंगला गेल्या होत्या."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

तिने जरा आठवून पाहिलं. "कुणी नाही."

त्या दिवशी मी रजा टाकली आणि तिच्यासोबत जुन्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका पहिलीच्या वर्गात उभ्या होत्या, हातात मोबाइल, कडेला रडणारं एक पोर. मी दाखल्याचा अर्ज पुढे केला. मला वाटलं, त्या थांब म्हणतील. मी तयारी करून गेले होते.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "माझी असती तर मीही नेली असती."

त्या भावंडांच्या वडिलांना मी महिनाभर थांबायला सांगितलं होतं. माझं काम दहा मिनिटांत झालं.

फाटकाशी गजरेवाली बाई भेटली. तिची मुलगी उशिरा आली होती. तिने माझ्या हातातला कागद पाहिला, मग माझ्या मुलीचं दप्तर. काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती मुलीला आत सोडून निघून गेली.

जुन्या खासगी शाळेने मुलीला परत घेतलं. तिचं बरं चाललंय, असं सगळे म्हणतात. माझ्या नव्या शाळेतही मीच सर्वांत कनिष्ठ आहे, पट घटला तर जादा मीच. परवा तिथल्या मुख्याध्यापकांनी विचारलं, मे महिन्यात घरोघरी कोण जाणार? मी समोरच्या वह्या तपासत राहिले.